मॉन्टगोमेरी: तारऑफिस, बसथांबा आणि छावणीचं फाटक

पिंपळपार

मागच्या लाँग वीकेंडला अटलांटाहून गाडी काढली आणि मॉन्टगोमेरीला (अलाबामा) जाऊन आलो. अडीच तासांचा रस्ता. राज्याची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास मागे जातं. त्यावरचे जॉर्जियावाल्यांचे विनोद इथे लिहीत नाही.

आधी एक कबुली. माझ्या डोक्यात या गावाच्या दोन वेगळ्या फायली होत्या. एक यादवी युद्ध आणि विमानदळाची, दुसरी रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंगची. कोर्ट स्क्वेअरच्या कारंज्यापाशी उभं राहिलो आणि दोन्ही फायली एकमेकींत सांडल्या.

झालं असं. चौकाच्या कडेला विंटर बिल्डिंग म्हणून एक जुनी इमारत आहे. फेब्रुवारी ते मे १८६१ मॉन्टगोमेरी ही अमेरिकेतून फुटून निघालेल्या कॉन्फेडरेट दक्षिणेची पहिली राजधानी होती आणि या इमारतीत तारऑफिस होतं. एप्रिलमध्ये त्यांचा युद्धमंत्री लेरॉय पोप वॉकर याने फोर्ट समटर या उत्तरेच्या ताब्यातल्या किल्ल्याबाबत जनरल ब्यूरेगार्डला जी तार केली ती इथून गेली. १२ एप्रिलला तोफा सुटल्या, यादवी युद्ध सुरू झालं. बरोबर चार वर्षांनी, १२ एप्रिल १८६५ला, उत्तरेच्या जनरल विल्सनचं घोडदळ याच गावात शिरलं. कॉन्फेडरेट सैन्य जाताना कापसाच्या गासड्यांचे ढीग पेटवून गेलं होतं. शत्रूच्या हाती कापूस लागू द्यायचा नाही, एवढाच हिशेब.

आता त्याच चौकात दुसऱ्या बाजूला तोंड करा. १ डिसेंबर १९५५, गुरुवार, संध्याकाळ. दुकानातलं काम संपवून रोझा पार्क्स क्लीव्हलँड अव्हेन्यूच्या बसमध्ये चढल्या त्या इथल्याच थांब्यावरून. गोऱ्या उतारूसाठी सीट सोडायला नकार दिला, अटक झाली आणि काळ्यांनी गावातल्या बसवर बहिष्कार घातला. तारेपासून थांब्यापर्यंत मी पावलं मोजायला लागलो होतो, पण बायको म्हणाली, लोक बघतायत.

चौकातून डेक्स्टर अव्हेन्यू चढत थेट कॅपिटॉलपर्यंत (राज्याचं विधानभवन) जातो. या चौकात एके काळी माणसांचे लिलाव व्हायचे. वरती कॅपिटॉलच्या पायरीवर पितळी तारा बसवलाय, कॉन्फेडरेट अध्यक्ष जेफरसन डेव्हिसने १८ फेब्रुवारी १८६१ला जिथे शपथ घेतली ती जागा. आणि कॅपिटॉलच्या जवळ, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, किंगचं डेक्स्टर अव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्च. १९५४मध्ये तो इथे पास्टर म्हणून आला. बहिष्कार सुरू झाला तेव्हा वय २६.

पण धागा काढायचं खरं कारण तिसरी जागा आहे: गावाच्या वायव्येला, नदीच्या वळणावर असलेला मॅक्सवेल हा हवाई तळ. राईट बंधूंनी १९१०मध्ये तिथल्या कापसाच्या शेतात वैमानिकांची शाळा काढली होती. १९२२मध्ये मॅक्सवेल हे नाव पडलं, १९३१मध्ये हवाई डावपेचांची शाळा आली, १९४६मध्ये एअर युनिव्हर्सिटी. आणि १९४०च्या दशकात रोझा पार्क्स त्या तळावर नोकरीला होत्या.

तळावरच्या ट्रॉलीत काळे-गोरे शेजारी बसत, कारण आत केंद्राचा हुकूम चालायचा. संध्याकाळी फाटकाबाहेर येऊन गावातली बस धरली की रोझाबाई मागे, गोरे पुढे. ज्या गोऱ्या बाईशी आत गप्पा मारत यायचं, तिच्यापासून बाहेर उठून दुसरीकडे बसायचं. मॅक्सवेलने माझे डोळे उघडले, अशा अर्थाचं त्या पुढे बोलल्या आहेत.

माझं म्हणणं एवढंच: या गावातली नागरी हक्कांची लढाई लष्कराला वगळून सांगता येत नाही. जाणकारांनी भर घालावी, चुकलो तर कान धरावा.

---

भाकरतुकडा

भारी लिहिलंय. आम्हाला शाळेत रोझा पार्क्स म्हणजे दिवसभर शिवणकाम करून दमलेली बाई, पाय दुखत होते म्हणून उठली नाही, असं शिकवलं. तळावरच्या नोकरीचं पहिल्यांदाच ऐकतोय.

---

सुगरणीचा_खोपा

@भाकरतुकडा, ती पायदुखीची गोष्ट आता निकालात काढा प्लीज. १९४३पासून त्या एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या मॉन्टगोमेरी शाखेच्या सेक्रेटरी होत्या. १९४४मध्ये रेसी टेलर या बाईवर गोऱ्यांच्या टोळीने बलात्कार केला, त्याची माहिती गोळा करायला ही ‘दमलेली शिंपीण’ ॲबेव्हिल गावाला गेली होती. १९५५च्या उन्हाळ्यात हायलँडर या टेनेसीतल्या कार्यकर्त्यांच्या शाळेत शिबिराला जाऊन आली. आणि त्या दिवशीचा ड्रायव्हर जेम्स ब्लेक. त्यानेच १९४३मध्ये त्यांना बसमधून खाली उतरवलं होतं.

तेव्हाची पद्धतही माहीत हवी. पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं, मागच्या दाराने पुन्हा चढायचं. मधल्या वेळात ड्रायव्हरने बस हाणली तर पैसे गेले. ३६ सीट्स, पुढच्या दहा गोऱ्यांच्या, रिकाम्या असल्या तरी. मागच्या दहा काळ्यांच्या. मधल्या सोळांचं ड्रायव्हर ठरवणार. रोझा पार्क्स बसल्या होत्या त्या या मधल्या भागात. ‘गोऱ्यांच्या सीटवर बसली’ हेही अर्धवटच. आणि बसचे चारातले तीन उतारू काळे!

आणखी एक नाव राहिलं, जो ॲन रॉबिन्सन. अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. १९४९मध्ये नाताळच्या सुट्टीला निघाल्या, बस जवळपास रिकामी, चुकून पुढे बसल्या आणि ड्रायव्हर अंगावर धावून आला. रडत उतरल्या. तेव्हापासून त्यांच्या विमेन्स पोलिटिकल काउन्सिल या काळ्या स्त्रियांच्या संघटनेच्या डोक्यात बहिष्कार होता. मे १९५४मध्ये महापौर गेल यांना पत्र लिहून तसं कळवलंही होतं. रोझा पार्क्सना अटक झाली त्या रात्री कॉलेजच्या मिमिओग्राफवर (आपल्याकडचं सायक्लोस्टाइल) हजारो पत्रकं छापली, सकाळी शाळाशाळांतून वाटली. पुरुषमंडळींची सभा भरायच्या आधी पत्रकं गावभर पोचली होती. असो, आमच्याकडे गणपती मंडळातही असंच असतं.

---

निवृत्त_नायक

पिंपळपार, लेख आवडला. पण एका जुन्या फौजीला थोडी भर घालू द्या, आणि थोडी तक्रारही.

लष्कर म्हणजे समतेचा आश्रम होता असा वाचकांचा समज व्हायला नको. तळावरची ट्रॉली एक असली तरी पलटणी वेगळ्या होत्या. काळ्या शिपायाची तुकडी वेगळी, बराक वेगळी. १९४१मध्ये काळ्या वैमानिकांचं प्रशिक्षण सुरू झालं ते मॅक्सवेलला नाही, तिथून चाळीसेक मैलांवर टस्कीगीला, स्वतंत्र तळ बांधून! पहिल्या तुकडीतले पाच जण मार्च १९४२मध्ये वैमानिक झाले, त्यात पुढे जनरल झालेले बेंजामिन डेव्हिस ज्युनियर. युद्ध संपेपर्यंत हजाराच्या आसपास वैमानिक तिथे तयार झाले. अध्यक्ष ट्रुमनचा ९९८१ क्रमांकाचा आदेश आला २६ जुलै १९४८ला, तेव्हा कुठे कागदावर भेद संपला. अंमल व्हायला आणखी काही वर्षं गेली.

त्याच टस्कीगी परिसरात १९३२पासून सरकारी आरोग्य खात्याचा तो भयंकर ‘अभ्यास’ चालू होता, सिफिलिस झालेल्या काळ्या पुरुषांना औषध न देता. त्यातल्या काहींना महायुद्धात भरतीची पत्रं आली, भरतीच्या नियमाने उपचार घ्या असं सांगण्यात आलं. आरोग्य खात्याने त्यांची नावं वगळून घेतली, का तर उपचार झाले तर अभ्यास बुडेल. एकाच जिल्ह्यात सरकार एका काळ्या माणसाच्या हाती विमान देतंय आणि दुसऱ्याचं औषध अडवतंय.

आता गणवेशाबद्दल. गणवेश घालून परत आलेल्या माणसाला ‘मागे जा’ सांगणं अवघड होतं, म्हणूनच त्याच्यावर जास्त राग. रोझा पार्क्स यांचा भाऊ सिल्वेस्टर युरोप आणि पॅसिफिक दोन्हीकडे लढून आला, गावात मिळालेली वागणूक पाहिली आणि डेट्रॉइटला निघून गेला. ऑगस्ट १९५०मध्ये हिलियर्ड ब्रूक्स हा माजी सैनिक, बसमधल्या भाड्यावरून वाद झाला आणि पोलिसाच्या गोळीने मेला. बहिष्काराच्या पाच वर्षं आधी.

आपल्याकडच्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. महारांची भरती १८९०च्या दशकात बंद झाली. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१०मध्ये विलायतेला अर्ज धाडला तो याच मागणीचा. पहिल्या महायुद्धात ‘१११ महार’ ही पलटण उभी राहिली, गरज सरल्यावर १९२१मध्ये मोडली. महार रेजिमेंट बेळगावला पुन्हा उभी राहिली १९४१मध्ये. टस्कीगीचंच साल.

---

अरबट_चरबट

सगळं ठीक, पण बहिष्काराने नक्की काय साधलं? शेवटी निकाल कोर्टाने दिला ना? ३८१ दिवस पायपीट करायची गरज काय होती, वकील लावला असता.

---

सुगरणीचा_खोपा

@अरबट_चरबट, पायपीट नसती तर दावा कुणी गंभीरपणे घेतला असता? आणि गंमत म्हणजे सुरुवातीच्या मागण्या किती साध्या होत्या: नीट बोला, काळ्यांनी मागून पुढे आणि गोऱ्यांनी पुढून मागे जसं येईल तसं बसू द्या, काळ्या वस्तीच्या मार्गांवर काळे ड्रायव्हर नेमा. एवढंही शहराने मानलं नाही, तेव्हा फेब्रुवारी १९५६मध्ये ब्राऊडर विरुद्ध गेल हा दावा दाखल झाला. त्यात रोझा पार्क्स नव्हत्याच! ऑरेलिया ब्राऊडर, सुसी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कोल्विन. कोल्विनने २ मार्च १९५५ला, म्हणजे नऊ महिने आधी, सीट सोडायला नकार दिला होता. वय १५.

पायपिटीचं अर्थशास्त्र विचाराल तर जॉर्जिया गिल्मोरबद्दल वाचा. स्वयंपाकीण बाई. किंगवरच्या खटल्यात साक्ष दिली म्हणून नोकरी गेली, तर घरी तळलेली कोंबडी, ‘पाय’ हा गोड पदार्थ, केक करून विकायला लागली आणि आलेले पैसे आंदोलनाला. पैसे कुठून आले विचारलं की उत्तर: कुठूनच नाही. म्हणून क्लबचं नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. या पैशांतून बहिष्कारवाल्यांची ने-आण करणाऱ्या गाड्यांचं पेट्रोल भरलं गेलं. गाड्यांचा विमा स्थानिक कंपन्यांनी रद्द केला तेव्हा लंडनच्या लॉइड्सकडून काढावा लागला.

---

पिंपळपार

नायकसाहेब, तक्रार मान्य. ‘आत केंद्राचा हुकूम’ हे मी फार गोड करून लिहिलं. पण तुमच्या मुद्द्याने माझंच म्हणणं पक्कं होतंय. पलटण वेगळी ठेवणारं लष्करसुद्धा एका ट्रॉलीत सगळ्यांना बसवू शकत होतं, आणि त्याने आभाळ कोसळत नव्हतं. रोझा पार्क्स यांनी पाहिलं ते हे. बाहेर सांगत की हे शक्यच नाही, आणि रोज सकाळी ते होताना दिसायचं. त्यांचे पती रेमंड याच तळावर न्हावी होते. बहिष्कार सुरू झाल्यावर तिथल्या वरिष्ठाने दुकानात या विषयावर आणि रोझाबद्दल बोलायला बंदी केली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे फाटकाच्या आतही सगळं आलबेल नव्हतंच.

@अरबट_चरबट, वकिलाचं नाव काढलंत तर ऐका, इथेही लष्कर आहे. फ्रेड ग्रे, वय २५, दावा त्याने दाखल केला. तो चर्चचा उपदेशकही होता, त्यामुळे सक्तीच्या भरतीतून त्याला सूट होती. दावा पडताच स्थानिक भरती मंडळाने सूट काढून त्याला १-ए वर्गात टाकलं, म्हणजे ‘चल बंदूक उचल’. प्रकरण वॉशिंग्टनला जनरल हर्शीपर्यंत गेलं. ते भरती खात्याचे प्रमुख. त्यांनी ग्रेची भरती थांबवली, तर अलाबामातल्या भरती मंडळांवरचे काही सदस्य निषेध म्हणून राजीनामे देऊन मोकळे झाले!

आणि न्यायाधीश? तिघांच्या पीठात फ्रँक जॉन्सन होते. नॉर्मंडीत जखमी झालेले पायदळाचे अधिकारी. त्यांच्याबरोबर कायद्याच्या कॉलेजात कोण होता, ओळखा. जॉर्ज वॉलेस. तोही महायुद्धात, बी-२९ विमानात फ्लाइट इंजिनियर. त्याच वॉलेसने १४ जानेवारी १९६३ला गव्हर्नरपदाची शपथ घेताना, डेव्हिसच्या त्या ताऱ्याच्या जागी उभं राहून, विभक्तता कायम राहणार म्हणून गर्जना केली. दोघेही एकाच युद्धातून आले, एकाच कॉलेजातून बाहेर पडले. मला यावर काही शहाणं बोलता येत नाही.

बसमधला भेद घटनाबाह्य ठरवणारा जॉन्सन आणि रिव्ह्ज या न्यायाधीशांचा निकाल जून १९५६चा, दोन विरुद्ध एक. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. २१ डिसेंबरला लोक पुन्हा बसमध्ये चढले. पुढच्या काही दिवसांत बसवर गोळीबार झाला, रोझा जॉर्डन या गर्भवती बाईच्या पायांत गोळ्या घुसल्या. १० जानेवारी १९५७ला चार चर्च आणि दोन पास्टरांच्या घरांवर बॉम्ब. त्यातले एक पास्टर, रॉबर्ट ग्रेट्झ, गोरे होते.

---

वाटसरू_४७

मी या गावात राहतो (मोटारींच्या धंद्यात, २००५मध्ये कोरियन कारखाना आला आणि आमच्यासारखे बरेच इथे आले). धागा बघून राहवलं नाही.

तुमच्या यादीत १९६१ नाही. २० मे, ग्रेहाउंडचं बसस्टँड. बसप्रवासातला वर्णभेद मोडायला निघालेल्या फ्रीडम रायडर्सची बस थांबली, पोलीस गायब, जमावाने जॉन लुईस, जिम झ्वर्ग यांना रक्तबंबाळ केलं. ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडीचा माणूस जॉन सायगेन्थालर मध्ये पडला, त्यालाही डोक्यात पाइप. ते स्टँड आता म्युझियम आहे, आकाराने आपल्या तालुक्याच्या एसटी स्टँडपेक्षा लहान.

दुसऱ्या रात्री रिप्ली स्ट्रीटवरच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये पंधराशेच्या वर लोक जमले. या चर्चला ‘रोज एक वीट’वालं चर्च म्हणतात. जुनं जळाल्यावर लोकांनी एकेक वीट आणून नवं बांधलं, असं सांगतात. बाहेर जमावाने एक गाडी पेटवली, खिडक्यांतून दगड. आत किंग, तळघरातून रॉबर्ट केनेडींशी फोनवर बोलतायत. केंद्राने जे मार्शल (केंद्राचे पोलीस) पाठवले त्यांना जमवलं कुठे? मॅक्सवेल तळावर! ते कमी पडले, तेव्हा गव्हर्नर पॅटरसनने मार्शल लॉ पुकारून नॅशनल गार्ड (राज्याची राखीव फौज) पाठवलं. गार्डच्या संगिनी मात्र रात्रभर चर्चकडे तोंड करून. लोकांना बाहेर पडू देईनात. पहाटे लष्करी ट्रकांतून घरी पोचवलं.

त्या गार्डचे प्रमुख जनरल हेन्री ग्रॅहम. हे नाव लक्षात ठेवा. जून १९६३मध्ये काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला अलाबामा विद्यापीठाच्या दारात उभ्या राहिलेल्या वॉलेसला ‘बाजूला व्हा’ सांगायला गेले ते हेच, कारण अध्यक्ष जॉन केनेडींनी एव्हाना गार्ड केंद्राच्या ताब्यात घेतलं होतं. मार्च १९६५मध्ये मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून ५४ मैल मोर्चा आला, त्याच्या बंदोबस्ताला पुन्हा हेच. शिपाई तेच, गावचेच, फक्त हुकूम बदललेला. नायकसाहेब, तुम्ही अशा जागी काय केलं असतं?

---

निवृत्त_नायक

@वाटसरू_४७, हुकूम पाळला असता. मनात काय असतं ते वेगळं. बंदोबस्ताला उभ्या शिपायाला दोन्हीकडून शिव्या असतात, हे मी जम्मूत पाहिलंय.

---

भाकरतुकडा

२५ मार्च १९६५चं पण लिहा की कुणीतरी!

---

वाटसरू_४७

लिहितो. आदल्या रात्री मोर्चा सिटी ऑफ सेंट ज्यूडच्या मैदानात चिखलात मुक्कामाला होता, हे कॅथलिकांचं हॉस्पिटल आणि शाळा. सकाळी पंचवीस हजार लोक डेक्स्टर अव्हेन्यू चढून गेले, त्याच चौकातून. कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर त्यांना जाऊ दिलं नाही, म्हणून किंग रस्त्यात उभ्या केलेल्या ट्रेलरवरून बोलले. घुमटावर कॉन्फेडरेट झेंडा. त्याच रात्री मोर्चेकऱ्यांना गाडीने ने-आण करणाऱ्या व्हायोला लिउझो यांना महामार्गावर गोळ्या घातल्या. डेट्रॉइटहून आलेली गोरी बाई, पाच मुलांची आई.

---

अरबट_चरबट

बरं, वकिलाबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. पण आपल्या लोकांना अमेरिकेतला भेद लगेच दिसतो, घरचा दिसत नाही, हेही लिहा.

---

सुगरणीचा_खोपा

तेही लिहिते. १९५८च्या सुमारास केंद्रीय न्यायालयात बागांमधल्या भेदावर दावा गेला. दावा दाखल होताच, निकालाचीही वाट न बघता, १९५९पासून शहराने बागाच बंद केल्या. सगळ्यांना! ओक पार्कमधला पोहण्याचा तलाव भरून टाकला, प्राणिसंग्रहालयातले प्राणी विकले. ‘तुम्ही शिवणार असाल तर आम्हालाही नको.’ महाडला १९२७मध्ये चवदार तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ‘शुद्धी’ केली होती. त्यांनी तळं बुजवलं, आपण धुतलं. मेळ घाला.

आणि किंग इथूनच, डेक्स्टर चर्चचे पास्टर असताना, फेब्रुवारी १९५९मध्ये भारतात आले होते. मुंबईत मणिभवनात राहिले. माझ्या सासूबाई गावदेवीत वाढल्या. त्या वेळी गल्लीत कुणी पाहुणे आले होते का विचारलं, तर म्हणाल्या, ‘तिथे सारखंच कुणी ना कुणी यायचं.’

---

पिंपळपार

सासूबाईंना नमस्कार :)

वाटसरू, जनरल ग्रॅहमबद्दल खास आभार, हे मला ठाऊक नव्हतं. मूळ लेखात जोडतो.

एक अपडेट राहिला. फ्रेड ग्रे ज्या रस्त्यावर लहानाचे मोठे झाले त्याचं नाव जेफ डेव्हिस अव्हेन्यू होतं. २०२१मध्ये शहराने, आता पहिला काळा महापौर स्टीव्हन रीड आहे, ते बदलून फ्रेड डी. ग्रे अव्हेन्यू केलं. ग्रे तेव्हा ९० वर्षांचे. स्मारकं वाचवण्याच्या राज्याच्या कायद्याखाली शहराला २५ हजार डॉलर दंड झाला. शहराने भरला.

---

भाकरतुकडा

तळाच्या आत जाता येतं का? जूनमध्ये तिकडे जायचा विचार आहे.

---

पिंपळपार

नाही, ओळखपत्राशिवाय सोडत नाहीत. मी फाटकापर्यंत गेलो, पहारेकऱ्याने नम्रपणे गाडी वळवायची जागा दाखवली. त्याऐवजी ओकवुड दफनभूमीला जा. तिथे महायुद्धात इथे उडायला शिकताना मेलेल्या ब्रिटिश रॉयल एअर फोर्सच्या पोरांच्या थडग्यांची रांग आहे, अगदी लहान वयं. जून असेल तर सकाळी लवकर जा आणि पाण्याची बाटली घे. दुपारी उभं राहवत नाही.